जिभेवरची साय



गेल्या चातुर्मासात आमच्या थोरल्या बंधूंच्या ताटात अन्न उरू लागले. दादांचे वय ७४. ठाण्यात जांभळी नाक्याजवळ त्यांचे कापडाचे दुकान आहे. व्यवहार आता मुलगा पाहतो, तरी दुपारचे दोन तास गल्ल्यावर बसल्याखेरीज दादांना दिवस सार्थकी लागला असे वाटत नाही. वर्तकनगरात आमची दोन्ही घरे एकाच इमारतीत असल्यामुळे त्यांच्याकडे काय शिजले आणि काय उरले, हे आमच्या घरी सूर्यास्तापूर्वीच कळते. प्रथम भाजी उरू लागली, पुढे पोळी. भाताचे दोन घास आणि वाटीभर ताक एवढ्यावर ते उठत. कोणी विचारले तर म्हणत, "चव लागत नाही. या वयात चवीचे काय घेऊन बसायचे?"

घरात याचे निरनिराळे अर्थ लावले गेले. वहिनींना वाटले, दादांनी मनोमन काही नियम धरला असावा. ऊणोदरी हे तपच आहे आणि ते चातुर्मासात धरले तर त्यात नवल कसले? सूनबाईला वाटले, तिच्या हातची चव उतरली. ती बिचारी आठवडाभर मीठ-मिरचीचे प्रमाण बदलून पाहत होती आणि प्रत्येक वेळी ताट तसेच परत येत होते. मी वयाकडे बोट दाखवून मोकळा झालो. आम्ही तिघेही चुकलो होतो, आणि त्या दोन महिन्यांत दादांचे वजन पाच किलोंनी उतरले.

एके सकाळी वर्तमानपत्र वाचताना त्यांनी जांभई दिली, तेव्हा वहिनींच्या दृष्टीस पडले की जिभेवर आणि गालाच्या आतल्या बाजूस दुधावरच्या सायीसारखे काही पसरले आहे. वहिनींनी तत्परतेने तांब्याची जीभखरवणी घेतली. साय थोडी निघाली, पण खालची जागा लालभडक, आणि तिच्यातून रक्त आले. मग मेडिकलच्या दुकानातून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणल्या. त्यांनी भागेना, तेव्हा त्याच काउंटरवरून "इन्फेक्शन असेल" या सल्ल्यानिशी पाच दिवसांच्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल आल्या. त्या कोणत्याही डॉक्टरने लिहून दिलेल्या नव्हत्या. त्या घेतल्यानंतर साय टाळूपर्यंत गेली, ओठांचे कोपरे चिरले आणि कोमट चहाही झोंबू लागला. तेव्हा कुठे आम्ही दादांना दंतवैद्यांकडे नेले.

त्या डॉक्टर वयाने आमच्या मुलीएवढ्या. त्यांनी बॅटरीच्या उजेडात तोंड पाहिले, कवळी काढायला लावली, गॉजच्या तुकड्याने टाळूवरचा एक ठिपका अलगद पुसला. दह्याची कवडी निघावी तसा तो निघाला. मग त्यांनी औषधांची यादी मागितली आणि तिच्यातल्या एका नावावर बोट ठेवून विचारले, "काका, हा पंप घेतल्यावर चूळ भरता ना?"

दादा म्हणाले, "डॉक्टर, रात्री नऊला पंप असतो. चौविहार आहे माझा. चूळ कशी भरणार?"

"आणि सकाळचा?"

"सकाळी सहाला. उपवनला फिरायला जाण्यापूर्वी. नवकारशी तर नंतर येते."

खोलीत क्षणभर कोणी काही बोलले नाही. दादांना दम्याचा त्रास आहे. आदल्या हिवाळ्यात छातीच्या डॉक्टरांनी त्यांना सकाळ-संध्याकाळ ओढण्याचा पंप सुरू करून दिला होता. त्यात स्टिरॉइड असते. औषध फुप्फुसांत जावे हा हेतू, परंतु ओढलेल्या औषधाचा मोठा भाग तोंडात आणि घशातच बसतो. तो चूळ भरून थुंकून टाकायचा असतो. दादांच्या बाबतीत तो सकाळी तास-दोन तास आणि रात्री तर झोपेपासून सूर्योदयापर्यंत जिभेवर राहत होता. दररोज, आठ महिने. पंपाच्या खोक्यात याची सूचना छापलेली असते. मी नंतर ती उघडून पाहिली. बारीक अक्षरात का होईना, पण स्पष्ट आहे. बँकेत ३४ वर्षे "सही करण्यापूर्वी वाचा" असे ग्राहकांना बजावणाऱ्या माणसाच्या घरात ती घडी कोणी उलगडली नव्हती.

या विकाराला इंग्रजीत 'ओरल थ्रश' म्हणतात. मराठीत तोंडातील बुरशी. ज्याला आपण तोंड येणे म्हणतो, म्हणजे एखादा गोल, दुखरा फोड, तो प्रकार हा नव्हे. त्यामुळे बी-कॉम्प्लेक्स, कात, तूप लावणे या घरगुती उपायांनी हिच्यावर काही परिणाम होत नाही. मी वैद्य नाही, वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. परंतु डॉक्टरांनी जे समजावून सांगितले आणि जे मी पुढे वाचून पडताळले, ते या सदरात मांडावेसे वाटले, कारण दादांसारखे चौविहारी आणि पंप वापरणारे ज्येष्ठ आपल्यापैकी कितीतरी घरांत आहेत.

'बुरशी' हा शब्द ऐकताच वहिनींचा चेहरा उतरला होता. २०२१ च्या उन्हाळ्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने जी दैना केली ती कोण विसरेल? 'काळी बुरशी' म्हणून तिची धास्ती पसरली, पाठोपाठ पांढऱ्या आणि पिवळ्या बुरशीच्या बातम्या आल्या. एम्सचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी त्याच वेळी सांगितले होते की बुरशीची ओळख रंगावरून करू नये, त्याने घोटाळाच होतो. म्युकर ही निराळी बुरशी. ती नाक, डोळ्याभोवतीचा भाग, जबडा यांतील ऊती मारत जाते आणि तिथे तासांचा हिशेब असतो. मधुमेही माणसाच्या टाळूवर काळा डाग दिसला, अर्ध्या चेहऱ्याला सूज वा बधिरपणा आला, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोहोचावे. दादांच्या तोंडातली ती नव्हती.

तिचे नाव कँडिडा. दादांची समजूत अशी की पावसाळ्यात दुकानातल्या ताग्यांना ओल लागते, चामड्याच्या पिशवीवर हिरवट थर येतो, तसेच काहीसे तोंडाला झाले. ठाण्याचा पाऊस पाहता ही समजूत स्वाभाविक आहे, पण खरी नाही. कँडिडा भिंतीवरून येत नाही. अनेक निरोगी माणसांच्या तोंडात आणि आतड्यात ती मुळातच अल्प प्रमाणात राहत असते आणि आयुष्यभर काही उपद्रव देत नाही. लाळेचा प्रवाह, तोंडातले इतर जिवाणू आणि शरीराची प्रतिकारशक्ती तिला आवरून धरतात. हा पहारा ढिला पडला की ती फोफावते. स्टिरॉइड जिथे साचते तिथली प्रतिकारशक्ती मंदावते. अँटिबायोटिक जिवाणूंना मारते, बुरशीला नाही, म्हणजे तिचे प्रतिस्पर्धीच नाहीसे होतात आणि मोकळी जागा तिला मिळते. काउंटरवरच्या त्या कॅप्सूलने दादांचे नेमके हेच केले. मधुमेह आटोक्यात नसेल तर लाळेतही साखर वाढते. दादांची तपासणी केली तेव्हा तीन महिन्यांची सरासरी साखर ९ च्या वर निघाली, आणि हेही आम्हांला तेव्हाच कळले. शिवाय वरची कवळी ते रात्री काढत नसत, कारण सकाळी दुधवाल्याशी बोळक्या तोंडाने बोलायला त्यांना संकोच वाटे.

कवळीबद्दल दोन शब्द अधिक लिहितो, कारण हा प्रकार फसवा आहे. कवळीखालच्या बुरशीत पांढरी साय बहुधा दिसतच नाही. कवळीच्या आकाराबरहुकूम टाळू तेवढा लाल होतो आणि कित्येकदा दुखतही नाही. कवळी प्लास्टिकची, तिच्या सूक्ष्म छिद्रांत बुरशी ठाण मांडते. तोंडाला औषध लावले आणि कवळी तशीच ठेवली, तर आठवड्यात ती पुन्हा तोंडात. म्हणून कवळी रात्री काढावी, ब्रशने घासावी, दंतवैद्य सांगतील त्या द्रावणात किंवा निदान स्वच्छ पाण्यात ठेवावी. टूथपेस्टने मात्र घासू नये. पेस्टमधल्या खरखरीत कणांनी कवळीवर चरे पडतात आणि बुरशीला आणखी जागा होते. चौविहाराशी याचा काही संबंध नाही. कवळी पाणी पिते, आपण नाही, असे दादाच पुढे विनोदाने म्हणू लागले.

तान्ह्या बाळांना हा विकार अगदी सहज होतो, कारण त्यांची प्रतिकारशक्ती अजून घडत असते. दूध प्यायल्यावर जिभेवर राहणारा पातळ पांढरा थर वेगळा. तो पुसला की जातो आणि खाली जीभ गुलाबी असते. गालांच्या आत, हिरड्यांवर घट्ट ठिपके असतील, बाळ दूध ओढताना रडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. आईच्या स्तनाग्रांची आग होत असेल तर दोघांना एकाच वेळी औषध लागते, नाहीतर बाळाकडून आईला आणि आईकडून बाळाला असा फेरा चालू राहतो. बाटलीचे बूच, चोखणी ही रोज उकळावीत. आमच्या लहानपणी अशा बाळाच्या तोंडात टाकणखाराची लाही मधात खलून लावत. मध आपल्याकडे अभक्ष्य मानल्यामुळे आमच्या आजीने ग्लिसरीनची युक्ती काढली होती. आज वैद्यकशास्त्र सांगते की टाकणखार बाळाच्या पोटात जाणे घातक आहे आणि एक वर्षाखालील मुलाला मध देऊच नये, कारण मधातल्या विशिष्ट जिवाणूंचे बीज त्याच्या कोवळ्या आतड्यात विष निर्माण करू शकते. आजीचा अर्धा उपाय बरोबर ठरला, अर्धा चुकला. जेन्शन व्हायोलेटचे जांभळे औषधही अनेकांना आठवत असेल. सारी उशी जांभळी होई. ते बुरशी मारते हे खरे, पण त्याहून सौम्य औषधे आता हाताशी आहेत.

ही सौम्य औषधे आली कुठून, याची हकिकत मला विशेष रोचक वाटली. पेनिसिलिनने जिवाणू मरू लागले त्या काळात बुरशीवर मात्र पोटात घेता येईल असे निर्धोक औषध नव्हते. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोन स्त्रिया काम करत. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी आल्बनीत. हेझन ठिकठिकाणच्या मातीतून सूक्ष्मजीव वेगळे करून काचेच्या बरण्यांत घालून टपालाने पाठवी आणि ब्राउन त्यांतून रसायन वेगळे काढून परत पाठवी. व्हर्जिनियातल्या एका परिचिताच्या गोठ्याजवळील मातीत त्यांना हवे ते सापडले. १९५० मध्ये त्यांनी ते जाहीर केले आणि न्यूयॉर्क स्टेट या नावावरून त्याला 'निस्टॅटिन' म्हटले. तोंडातल्या बुरशीवर ते आजही वापरले जाते. माझ्यातला बँकवाला ज्या ओळीपाशी थांबला ती पुढची आहे: या औषधाच्या स्वामित्वधनाचे १ कोटी ३० लाख डॉलरांहून अधिक आले, आणि त्या दोघींनी ते स्वतःकडे न ठेवता संशोधनासाठी देऊन टाकले. अपरिग्रहाचे व्याख्यान त्यांनी कुठे ऐकले असण्याचा संभव नाही.

आणि आता घरचे. नोकरीच्या आरंभी माझी काही काळ पिंपरी भागात नेमणूक होती, आणि एच.ए. कॉलनीतले कितीतरी खातेदार रोज समोर येत. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने तिथे उभा राहिला. देशात पेनिसिलिन स्वस्त व्हावे हा त्याचा हेतू. त्याच कारखान्याच्या संशोधन विभागाचे प्रमुख डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी यांनी साठच्या दशकाच्या आरंभी मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून बुरशीनाशक मिळवले. त्या सूक्ष्मजीवाला पिंपरीवरून 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' हे शास्त्रीय नाव दिले गेले आणि औषधाला कारखान्याच्या आद्याक्षरांवरून 'हॅमायसिन'. तोंडातल्या बुरशीवर लावण्यासाठी ते वापरले जाई. १९६७ मध्ये तिरुमलाचारांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. मी त्या कर्मचाऱ्यांची पासबुके भरत होतो तेव्हा यातले काहीही मला ठाऊक नव्हते. पुढे तो कारखानाच आजारी उद्योगांच्या यादीत गेला. औषध करणाऱ्यावर आजारी म्हणवून घेण्याची पाळी यावी, याची मला अजूनही चुटपुट वाटते.

दादांना डॉक्टरांनी क्लोट्रिमॅझोलचे तोंडात लावायचे औषध दिले, दिवसातून चार वेळा, जेवणानंतर, आणि लावल्यावर अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही. चारही वेळा सूर्यप्रकाशात कशा बसवायच्या हे त्यांनी आपण होऊन कागदावर लिहून दिले, याबद्दल त्यांचे मानावे तितके आभार थोडे. काही रुग्णांना फ्लुकोनॅझोलची गोळी दिली जाते. ती त्यांनी मुद्दाम टाळली. ही गोळी मधुमेहाच्या काही गोळ्यांचा प्रभाव वाढवते आणि साखर एकाएकी खाली जाऊ शकते. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनशी तिचे पटत नाही. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशीही नाही. पूर्वी शेजारच्या घरात उरलेली गोळी आपण घेऊन पाहावी असा प्रकार व्यापारी घरांत बराच चालतो, माल वाया जाऊ नये या वृत्तीने. येथे तो महागात पडेल.

आठव्या-नवव्या दिवशी दादांनी वरणाला "आज फोडणी छान बसली आहे" असे म्हटले. सूनबाई स्वयंपाकघरात जाऊन रडली असे मला आमच्या घरून कळले. फोडणी रोजचीच होती. चव आली तरी औषध मात्र पूर्ण १४ दिवस लावायचे होते, आणि येथेच बहुतेक घरे ढिली पडतात. साय दिसेनाशी झाली म्हणजे बुरशी आटोपली असे नसते.

याच काळात माझ्या पुतण्याने पंपच बंद करावा असा आग्रह धरला होता. "ज्या औषधाने हे झाले ते कशाला घ्यायचे?" ऐकायला हा युक्तिवाद सरळ वाटतो, आणि या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत धोक्याचा तोच वाटला. दम्याचा पंप अचानक सोडल्यास दम्याचा तीव्र झटका येऊ शकतो, आणि त्याने माणूस दगावतो. बुरशीने एवढ्या सहज दगावत नाही. पंप सोडायचा नाही, त्याच्यामागून येणारी चूळ चुकवायची नाही. दम लागल्यावर तात्पुरता आराम देणारा पंप निराळा. त्यात स्टिरॉइड नसते आणि त्याने सहसा ही तक्रार होत नाही. आपल्या घरातला पंप कोणता, हे खोक्यावर वाचून किंवा डॉक्टरांना विचारून घ्यावे. दाबून सोडायच्या फवाऱ्याच्या पंपाला 'स्पेसर' नावाची नळकांडी जोडता येते. तिने तोंडात बसणारे औषध बरेच कमी होते. कॅप्सूलमधली भुकटी ओढण्याच्या यंत्राला ती चालत नाही, आणि दादांचे यंत्र भुकटीचे. त्यामुळे चूळ हाच मार्ग उरला.

मग चौविहाराचे काय? वहिनींनी सुचवले की पच्चक्खाणात आगार असतात, महाराजसाहेबांना विचारावे. विचारण्यात काही गैर नाही, आणि ज्यांना रात्रीची मात्रा अपरिहार्य आहे त्यांनी तसे अवश्य विचारावे. त्या विषयात बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु दादांना सवलत नको होती. ३१ वर्षांचा नियम आहे, ते म्हणाले, घड्याळ हलवा, नियम नको. छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांना चौविहार, नवकारशी हे शब्दही परिचयाचे होते. ठाण्यात दवाखाना चालवणाऱ्याला ते असणारच. त्यांनी सांगितले की दादांच्या औषधाच्या बाबतीत दोन मात्रांमध्ये बरोबर १२ तासांचे अंतर असलेच पाहिजे असे नाही. सकाळची मात्रा नवकारशी झाल्यावर आणि संध्याकाळची सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी घ्या, दोन्ही वेळा खुळखुळून, गुळण्या करून थुंका, आणि मग दात घासा. काही औषधे दिवसातून एकदाच घेण्याची असतात, ती सकाळी घेतली की प्रश्नच मिटतो. मात्र कोणते औषध कसे हलवता येईल हे प्रत्येकाच्या डॉक्टरांनीच ठरवायचे. दादांना जमले म्हणून दुसऱ्याने आपल्या मनाने वेळा बदलू नयेत.

इतकी साधी गोष्ट आठ महिने कोणाच्या ध्यानात आली नाही, कारण डॉक्टरांनी विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही. नवे औषध सुरू करताना आपला आहाराचा नियम, उपवासाचे दिवस, सूर्यास्तानंतर पाणीही वर्ज्य असणे, हे सारे डॉक्टरांना आधीच सांगायला हवे. आपण गृहीत धरतो की ते त्यांना ठाऊक आहे. अठाईसारख्या दीर्घ तपस्येत तर तोंड आधीच कोरडे पडते, लाळ कमी होते. ज्यांना मधुमेह आहे वा ज्यांचा पंप चालू आहे, त्यांनी तपस्येपूर्वीच वैद्यकीय सल्ला घ्यावा हे बरे.

एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे, जरी ती थोडी बाजूची आहे. तोंडातला प्रत्येक पांढरा डाग बुरशीचा नसतो. पुसल्यावर निघतो तो बहुधा बुरशीचा. पुसून न निघणारा, खरखरीत, एकाच जागी राहणारा डाग ही वेगळी बाब आहे, आणि गल्ल्यावर बसून दिवसभर सुपारी चघळणाऱ्यांनी तिकडे विशेष लक्ष द्यावे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सुपारी आपल्याकडे निरुपद्रवी मुखवास मानली जाते. ती तशी नाही. तंबाखूविनाही सुपारी तोंडाच्या कर्करोगाला कारण होऊ शकते, आणि तोंड उघडेनासे होण्याचा विकार तर तिचाच. दोन आठवड्यांत न गेलेला डाग किंवा न भरलेली जखम दंतवैद्याला दाखवावी, दुखत नसली तरी. न दुखणे हे येथे समाधानाचे कारण नव्हे.

तसेच तरुण, धडधाकट माणसाच्या तोंडात, पंप नाही, कवळी नाही, मधुमेह नाही, अँटिबायोटिक नाही, तरी ही बुरशी आली किंवा औषध संपताच पुन:पुन्हा येऊ लागली, तर शरीराची प्रतिकारशक्ती का उतरली याचा शोध घ्यावा लागतो. त्यात रक्तातील साखर, हिमोग्लोबिन आणि एचआयव्ही या तपासण्या येतात. शेवटचे नाव आपल्या घरांत उच्चारले जात नाही. तपासणी सरकारी रुग्णालयांतील केंद्रांत विनामूल्य होते आणि माहिती गुप्त ठेवली जाते. निदान लवकर झाले तर औषधांवर माणूस दीर्घकाळ उत्तम जगतो. संकोचाने सहा महिने घालवणे हे कोणत्याच खात्यावर जमा होत नाही. आणि गिळताना छातीच्या मागे दुखू लागले, घास अडकू लागला, तर बुरशी अन्ननलिकेत उतरली असण्याचा संभव असतो. तिथे तोंडात लावायचे औषध पुरत नाही, डॉक्टरांकडेच जावे.

दादांचे वजन आता साडेतीन किलोंनी परत आले आहे. साखर उतरणीला आहे. कवळी रात्री बाहेर असते, आणि दुधवाल्याशी सकाळी आता वहिनी बोलतात. सूनबाईने पंचांगातून ठाण्याच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा काढून पंधरा-पंधरा दिवसांचा तक्ता केला आणि तो पंपाच्या खोक्याच्या झाकणावर आतून चिकटवला. जुलैत सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास होतो, डिसेंबराच्या आरंभी सहाला. हा सव्वा तासाचा फरक दुकानातून घरी पोहोचण्याच्या वेळेशी जुळेना, म्हणून हिवाळ्यापुरता दुसरा पंप गल्ल्याच्या खणात ठेवला आहे. शेजारी उकळलेल्या पाण्याची छोटी बाटली. पावणेसहा वाजता दुकानातला मुलगा "शेठजी, पाणी" असे म्हणतो, गिऱ्हाईक समोर असले तरी दादा उठून मागच्या मोरीवर जातात.